आमच्या घरची प्रार्थना

इथे दिवाळीच्या आसपास पाऊस येतो, आणि इतकी वर्षं झाली तरी माझ्या अंगाला ते पटत नाही. तिरुपूरच्या आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर तो वाजायला लागला की माझे हात टी-शर्टच्या गळ्याची पट्टी शिवत राहतात आणि जीव मात्र आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, जाऊन बसतो. तिकडे गोंदियाकडे या दिवसांत धान कापून आडवं पडलेलं असतं. तेव्हा एक ढग दिसला तरी घरातली सगळी माणसं अंगणात येऊन वर बघतात. इथल्या बायांना पाऊस आला की बरं वाटतं, त्या खिडकीजवळ जातात. मी दर वेळी मनात म्हणते, अगं, हा आपला नाही, आपल्याकडे ऊन असेल. तरी संध्याकाळी फोन करून विचारतेच. मी मूळची घाबरट. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी.

परवा सकाळी कामावर जाताना तणसाचा एक ट्रक बाजूने गेला. धानाचं पिवळं तणस, दोरांनी आवळलेलं, ट्रकच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेलं. ओल्या रस्त्यावर त्याच्या काड्या पडत गेल्या. मी एक उचलून नाकाला लावली. माझ्याबरोबरच्या बाईने बघितलं. माझ्याविषयी तिचं जे मत असेल ते त्याने फारसं बदललं नसावं. वास आमच्या तणसाचा नव्हता, थोडा वेगळा होता. पण बहिणीचा आवाज फोनवर ऐकून आईची आठवण यावी, तेवढा सारखा होता.

त्याच संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. सृष्टी माझी मुलगी. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात माझ्या आईबाबांजवळ राहते, आता आठवीत आहे. तिने सांगितलं की शाळेचं गाईडचं शिबिर चोरखमाऱ्याच्या तलावावर आहे, शेवटच्या दिवशी तिची दीक्षा आहे आणि आदल्या संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना. प्रत्येकीने आपल्या घरची प्रार्थना म्हणायची. मग तिने अगदी सहज विचारलं, "मम्मी, आपल्या घरची कोणती?"

मी कांदा चिरत होते. म्हटलं, थोड्या वेळाने करते फोन. आणि चिरलेला कांदा तसाच ठेवून दारात जाऊन उभी राहिले. बाहेर पाऊस होता आणि मला बैलांच्या पायांखाली धान चुरल्याचा आवाज ऐकू येत होता.

आमच्या घरात देव नव्हता. हे वाक्य मी लहानपणी किती जणींना किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी समोरची आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे बघायची, जणू तो कुठे लपवलेला असेल. भिंतीत देवळी होती. सगळ्यांच्या घरी असते तशीच, माती-शेणाने सारवलेली. तीत बाबांचं दाढीचं सामान, एक कंगवा, तापाच्या गोळ्या आणि बॅटरी असायची. पाहुणे आले की आई बॅटरीवरची धूळ पुसायची. बाकी घर इतरांसारखंच. सणाला पुरणपोळी व्हायची, पोळ्याला बैल धुवायचे, दिवाळीला पणत्या लागायच्या. फक्त कोणी कोणासमोर हात जोडत नव्हतं.

गावाला याचं काही कारण हवं होतं. कोणी म्हणायचं यांचं एक पोर गेलं असेल, कोणी म्हणायचं नवस फळला नसेल. काही झालं नव्हतं. पोर गेलं नव्हतं, नवस केला नव्हता. बाबांना कोणी फारच खोदून विचारलं तर ते सांगायचे, "मी लई दिवस हात जोडून उभा राहिलो गा. मले काही ऐकू नाही आलं. मंग दुसऱ्याच्या दारात उगाच कायले उभं राहावं, म्हणून घरी आलो." एवढंच. त्यात राग नसायचा. गणपतीच्या मांडवाला बांबू आमच्याच बांधावरचे जायचे, आणि प्रसादाला बाबा सगळ्यांच्या आधी हजर. शिरा चांगला झाला असेल तर दुसऱ्यांदा हात पुढे करायला त्यांना काही वाटत नसे. कोणी टोमणा मारलाच तर म्हणायचे, शिरा तुम्ही केला, देवाने नाही केला, मी तुमचा खाऊन राहिलो.

त्यांचा एकच कडक नियम होता. जे मनात नाही ते तोंडाने बोलायचं नाही. मार, अभ्यास, उशिरा येणं, कशातच ते फार कडक नव्हते. पण "मला राग नाही आला" असं रागावून म्हटलं तर जेवण थांबायचं. "खरं बोल, मंग जेव," म्हणायचे. हे सोपं वाटतं. आठवीपर्यंत मलाही सोपं वाटायचं.

आठवीत शाळेत गाईडचं पथक सुरू झालं. टेंभरे बाईंनी सुरू केलं. त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या, सोमवार करायच्या, आणि वर्गात येताना कपाळावर देवळातला अंगारा असायचा. त्यांनी आम्हाला दोरीच्या गाठी शिकवल्या, वाटेवरच्या खुणा शिकवल्या, डोकं फुटलं तर पट्टी कशी बांधायची ते शिकवलं. गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला सकाळी गाठ मारायची आणि दिवसभरात कोणाचं तरी काम केलं की ती सोडायची. हात मिळवायचा तो डावा. डावा हात काऊन, म्हणून कुंदाने विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या, ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवल्याशिवाय डावा हात देता येत नाही. मला ते इतकं आवडलं की मी घरी म्हशीच्या शेपटीशीसुद्धा डावा हात मिळवला.

कुंदा माझ्या बाकावरची. तिच्या घरी शेती नव्हती. तिची माय लोकांच्या बांधीत कामाला जायची, आमच्याही. कुंदा माझ्यासारखी घाबरट नव्हती. तिचे बूट तिच्या भावाचे होते, पुढे चिंध्या कोंबलेले, आणि कवायतीत तिचाच पाय सगळ्यांत जोरात आपटायचा.

मला त्या पथकात राहायचं होतं. का, ते आज नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. मी वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी मुलगी. बाईंनी एकदा मला पट्टी बांधायला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, हिचा हात थरथरत नाही बघा. माझं सगळं अंग थरथरत होतं. पण हात खरंच थरथरत नव्हता. त्याआधी माझ्यात काही धड आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, निदान चारचौघांत तरी नाही.

दीक्षा झाल्याशिवाय स्कार्फ आणि बिल्ला कायमचा मिळत नाही, आणि ज्यांची झाली नाही त्या पुढच्या वर्षी पथकात नाहीत, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. दीक्षेला वचन घ्यायचं असतं. वचन छोटंच आहे. देशाचं त्यात आहे, लोकांच्या मदतीला जाण्याचं आहे, नियम पाळण्याचं आहे. आणि अगदी सुरुवातीलाच ईश्वराप्रती कर्तव्याचं आहे.

मी ते एका दुपारी पाठ करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. बाहेर अंगणात बाबा धानाचे भारे उतरवत होते, आणि मला वाटलं की ते ऐकत आहेत. ते ऐकत नव्हते.

कुंदाला सांगितलं तर ती म्हणाली, सगळ्या मिळून म्हणतो तेव्हा तेवढा शब्द गिळून टाक, कोणाला कळते. मी म्हटलं, दीक्षेला एकेकीलाच म्हणावं लागते. ती विचारात पडली. मग म्हणाली, खोकला काढ. आईला विचारलं तर ती म्हणाली, म्हणून टाक ना, एका शब्दानं काय घर पडते. आणि लगेच इकडेतिकडे बघून म्हणाली, पण तुझ्या बाबाले विचार. बाबांना विचारलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, म्हणजे मला रडता येईल आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकता येईल. ते म्हणाले, "वचन तुझं हाये, पोरी. माझं थोडीच हाये."

याच्यापेक्षा नाही म्हटलेलं परवडलं असतं.

बाईंना कसं कळलं ते मला माहीत नाही. कुंदानेच सांगितलं असणार. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ईश्वर नको असेल तर त्या जागी धर्म म्हटलेलं चालतं, तशी सोय आहे. मी उड्या मारत घरी आले. बाबांनी ऐकलं आणि कितीतरी वेळ हसले. म्हणाले, देव तं एक वेळ दिसत नाही म्हणून सोडून देता येते, धर्म तं रोज दिसून राहिला, गावात, पेपरात, निवडणुकीत. हे तं त्याच्यापेक्षा अवघड झालं बाई. हसता हसता त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हसायचे थांबले. मला वाटतं, त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी खरंच अडले आहे.

मग एका रविवारी टेंभरे बाई आमच्याकडे आल्या. चुरणं चालू होतं. तेव्हा आमच्याकडे बैलांनीच धान चुरायचे. खळ्यावर पसरलेल्या धानावर बैल गोल गोल फिरत, आणि त्यांच्या मागे तणस हलकं हलकं होत जाई. ती धूळ उन्हात सोन्यासारखी दिसते आणि अंगाला लागली की रात्रभर खाजते. बाईंनी गाडी बाभळीखाली लावली, पदर खोचला आणि सरळ तणसाच्या ढिगावर बसल्या. आई खाट आणायला धावली, तर म्हणाल्या, राहू द्या, माझ्या माहेरी याच्यापेक्षा मोठा ढीग असतो.

मी बैलांमागे चालत होते. फेरी त्यांच्या जवळून गेली की बोलणं ऐकू यायचं आणि दूर गेली की नाही. म्हणून ते सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाई म्हणत होत्या की वचनातला शब्द काढायचा अधिकार त्यांना नाही, जिल्ह्याहून मोठ्या बाई येणार आहेत. पुढच्या फेरीला बाबा म्हणत होते की मी तिला नाही म्हटलेलं नाही. त्याच्या पुढच्या फेरीला बाईंचा आवाज थोडा चढला होता.

"पण ती तुमच्यामुळेच अडली ना?"

"अडली तं चांगलंच झालं," बाबा म्हणाले. "न अडता घेतलं ते वचन कायचं, बाई?"

मी बैल थांबवले. बाई बराच वेळ तणसाची एक काडी बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, मीसुद्धा रोज म्हणते, पण अडून कधी म्हटलं नाही. आणि मग त्यांनी दुसरी अडचण काढली. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते, प्रत्येक मुलीने घरची एक म्हणायची. "तुमच्या घरी अशी कोणती वेळ असते का हो, सगळे एकत्र, गप्प, मन लावून?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई पाणी घेऊन उभी होती. म्हणाली, "नावं घेतो ना आपण. नव्या भाताले."

हे आमच्या घराचं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी मी नाही बघितलं. नवं धान कांडून आलं की त्याचा पहिला भात चिकट होतो, गोळा होतो, पण वास असा की शेजारी कळतं. लोक तो आधी देवाला दाखवतात. आमच्याकडे कोणाला दाखवणार? पण तसाच खायला आईला कसंतरी व्हायचं, तिच्या माहेरची सवय. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या सालीच बाबांनी काढलं होतं की ज्या बायांनी आपल्या बांधीत रोवणी केली त्यांची नावं घ्यायची आणि मग जेवायचं. पावसात, चिखलात, वाकून, एकेक रोप ज्यांनी लावलं त्यांची. ताटं वाढून व्हायची, बाबा एकेक नाव घ्यायचे, आम्ही मागून म्हणायचो. कोणाचं राहिलं तर आई आठवण करायची. भात निवायचा, पण कोणी घाई करत नसे.

बाईंनी ते ऐकलं, पाणी प्यायल्या आणि उठल्या. तणस झटकत मला म्हणाल्या, हेच म्हण. वचनाचं मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत.

चोरखमाऱ्याचं पाणी हिवाळ्यात फार शांत असतं. आमचं सगळं शिवार त्याच पाण्यावर, कालव्याने येणाऱ्या, पण मी ते पाणी त्याच्या घरी कधी बघितलं नव्हतं. आम्ही काठावर तंबू ठोकले. पलीकडे डोंगर आणि जंगल, अलीकडे कापून गेलेल्या बांधींत धानाची खुंटं, त्यांवर सकाळी दव. धुराने डोळे चुरचुरायचे, वरणात राख पडायची आणि ते वरण मला अजून आठवतं. आता म्हणे तिथून येताना तिरोड्याच्या वीजकारखान्याच्या चिमण्या दिसतात. तेव्हा नव्हत्या. तेव्हा सूर्य मावळला की सगळा काळोख आमचाच.

प्रार्थनेच्या संध्याकाळी आम्ही गोल बसलो. मध्ये एक समई. जिल्ह्याच्या मोठ्या बाई खुर्चीवर, बाकी सगळ्या खाली. रीत अशी होती की एकीने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी हात जोडून तीच मागून म्हणायची. एकीने गणपतीची म्हटली. एकीने बुद्धवंदना. शबाना नावाची मुलगी होती, तिने म्हटलेलं आम्हाला नीट मागून म्हणता येईना, तर तिने हसत हसत तुकडे पाडून दिले. एका गोंड मुलीने तिच्या आजीचं गाणं म्हटलं, त्यात सगळी झाडंच होती. मग माझी पाळी आली. टेंभरे बाईंनी नुसती मान हलवली.

मी समईकडे बघितलं आणि म्हटलं, "फुलवंताबाई."

मग सवयीने सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, फुलवंताबाई. मी म्हटलं, देवकाबाई. देवकाबाई. शेवंताबाई. शेवंताबाई. त्या काळोखात, पाण्याच्या काठी, इतक्या मुलींच्या आवाजात ती नावं मोठी होत गेली. मोठ्या बाईंनी डोळे मिटलेले. बेबीबाई म्हटलं तेव्हा मागे कोणीतरी फिसकन हसलं, पण म्हटलं सगळ्यांनी. आणि मग मी म्हटलं, सगुणाबाई.

सगळ्यांनी म्हटलं. फक्त माझ्या शेजारून आवाज आला नाही. कुंदा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. सगुणाबाई तिची माय. हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण मला ती नावं आमच्या ताटासमोरची म्हणूनच माहीत होती; त्यातल्या एकीची मुलगी आता शेजारी बसलेली असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. तिला आवडलं की लाज वाटली ते काही कळेना. मी पुढची नावं कशी पुरी केली मला आठवत नाही.

संपल्यावर मोठ्या बाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, ही कोणत्या पंथाची प्रार्थना? टेंभरे बाई म्हणाल्या, घरची आहे. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला खूण केली.

तंबूत कुंदा माझ्याकडे पाठ करून झोपली. मी तिचं नाव घेतलं. मग अंधारातून म्हणाली, "माझी माय देवी झाली वाटते आता. तिले सांगीन तं भांडे नाही घासन उद्यापासून."

मी हसले. ती हसत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे बाबा खरंच घेतात का वो नाव? दर साली?"

मी हो म्हटलं.

"आमाले कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली, आणि गोधडी डोक्यावर ओढून घेतली.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. झेंड्याजवळ आम्ही ओळीने उभ्या. बाई एकेकीला पुढे बोलवायच्या, तिचा हात धरायच्या, वचन तुकड्यातुकड्याने म्हणायच्या आणि ती मागून म्हणायची. माझ्या पुढे कुंदा होती, तिने खणखणीत म्हटलं. मी पुढे गेले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. गिळायचं, म्हणायचं, की मागे वळून तंबूकडे चालू लागायचं. बाईंनी हात धरला. त्यांच्या कपाळावर अंगारा होता, त्या शिबिरातही घेऊन आल्या होत्या. त्यांनी पहिला तुकडा म्हटला, मी म्हटला. मग तो शब्द आला. बाईंनी माझा हात घट्ट दाबला, तो शब्द म्हटला, आणि माझ्यासाठी थांबल्या नाहीत. सरळ पुढे, देश, कर्तव्य, एका दमात, आणि मग थांबल्या. मी देशापासून पुढचं म्हटलं. शेवटपर्यंत. आवाज थरथरला नाही.

त्यांनी बिल्ला लावला, डावा हात पुढे केला, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तेवढं माझ्याकडे राहू दे."

त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांना ते म्हणता आलं. नसता, तर माझ्या वाट्याचं त्यांनी कुठून म्हटलं असतं? हे मला मोठं झाल्यावर कळलं. तेव्हा नुसती भीती वाटत होती की आपण काहीतरी चोरून आणलं आहे. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा बघितला. म्हणाले, "तिच्या वाटचं ती बोलली, तुझ्या वाटचं तू बोलली. खोटं कोण बोललं? कोणीच नाही." मग म्हणाले, "बाई सच्ची हाये." बाबांच्या तोंडून याच्यावरची पदवी मी ऐकलेली नाही.

पुढच्या साली सगुणाबाई रोवणीला आल्या तेव्हा आईला म्हणाल्या, आमचं नाव घेतलं म्हणे तुम्ही तळ्यावर. आई म्हणाली, हो. एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी त्यांनी रोवणीचं गाणं लावलं त्यात मुद्दाम आईचं नाव घातलं आणि सगळ्या बाया चिखलात हसून हसून वाकल्या.

दहावीच्या वर्षी आईचा हात मोडला, नीट जुळला नाही, आणि घरातलं सगळं माझ्याकडे आलं. शाळा सुटली ती सुटलीच. टेंभरे बाई दोनदा घरी आल्या, दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी भाकरी थापत होते. त्या शेजारी बसून पीठ मळू लागल्या. माझा बिल्ला मी जपून ठेवला आहे. इथे येताना बरोबर आणला, कारण चाळीत ट्रंकेला कुलूप लागतं. आम्ही दोघं नवरा-बायको इथे आलो, सृष्टी दुसरीपर्यंत आमच्याजवळ होती, मग भाषेमुळे गावी पाठवली. ती निर्णयाची रात्र अजून माझ्या अंगावर येते. पण ती तिथे हसते, वाढते, झाडावर चढते, आणि मी इथून त्या घराचे, त्या बाईंचे उपकार मोजत बसते.

इथला भात कोणी रोवला ते मला माहीत नाही. कारखान्याच्या जेवणात तो ढिगाने येतो. वाढणारीचं नाव सेल्वी. ताट घेऊन बसले की मी मनात तेवढंच म्हणते, सेल्वी. तिला हे माहीत नाही. कुंदासारखं तिलाही कोणी सांगितलं नाही.

तर मी सृष्टीला फोन केला. म्हटलं, आपल्या घरची प्रार्थना म्हणजे नावं, आजोबांना विचार, या साली रोवणीला कोण कोण होत्या. ती म्हणाली, ते तर मला येतात, पाठ आहेत, सहजच विचारलं. मग मी जरा थांबून म्हटलं की वचनात एक शब्द येतो, त्याचं काय करशील. माझ्या मनात सगळी तयारी होती. टेंभरे बाई आता निवृत्त झाल्या आहेत, नव्या बाई कशा असतील, त्यांच्याशी फोनवर कसं बोलायचं, सगळं मी दारात उभ्याउभ्या जुळवलं होतं.

ती म्हणाली, "मी म्हणणार आहे मम्मी. पूर्ण." आणि मग हळू आवाजात, "मला वाटते तो आहे. रात्री अंगणात झोपतो ना आम्ही, तेव्हा वाटते."

त्या घरात, बॅटरी ठेवलेल्या त्या देवळीखाली वाढलेली मुलगी. मला तिचं काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. भीती वाटली ती बाबांची. त्यांनी तिला अंगाखांद्यावर वाढवलं. म्हातारपणी त्यांना हे कसं लागेल? मी विचारलं, आजोबांना सांगितलंस? ती म्हणाली, कालच सांगितलं. मी म्हटलं, दे त्यांना फोन.

फोन हातात घेताना बाबा नेहमी आधी त्याच्यावर फुंकर मारतात. मी विचारलं, ती म्हणते ते ऐकलं का. हो म्हणाले. मी विचारलं, मग?

"मंग काय. मनात हाये तं बोलावंच लागन. न बोलन तं खोटी पडन."

"तुम्हाले वाईट नाही वाटलं, बाबा?"

मागे कोणीतरी चुरण्याच्या यंत्राला आवाज देत होतं. आता बैल नाहीत. मग म्हणाले, "मी जाऊन राहिलो ना तिची दीक्षा पाहाले. मागं बसीन. तिले एवढंच सांगितलं, तो शब्द जरा मोठ्यानं म्हणजो. मले ऐकू येत नाही."